एकही तक्रार नसलेली मोटार

या सगळ्या प्रकरणात मला काय मिळायचे होते ते आधी मांडतो, नाहीतर पुढचे वाचून लोक म्हणतील की माणूस उगाच पळत होता. मला दोन गोष्टी मिळायच्या होत्या. वऱ्हाडाच्या मोटारीत ड्रायव्हरशेजारची जागा, आणि लग्नात मामाच्या मानाचे एक जरीकाठी उपरणे.

ड्रायव्हरशेजारची जागा म्हणजे काय, हे त्या काळात मोटारीतून न गेलेल्यांना सांगून कळणार नाही. लढाई चालू होती, पेट्रोल पलटणीला जात होते, आणि आमच्या मोटारी कोळशाच्या ग्यासवर चालत. मोटारीच्या पाठीला एक भले थोरले पिंप बांधलेले, त्यात लाकडी कोळसा धुमसतो आहे आणि मागच्या बाकावरची माणसे हळूहळू खरपूस होत आहेत, असा प्रवास असे. ड्रायव्हरशेजारी मात्र वारा लागतो. रस्त्यावरचे लोक आधी आपल्याला पाहतात आणि मग मोटारीला. मी पनवेलात भाताच्या गिरणीत हिशेब लिहितो. मला आजवर कुणी आधी पाहिलेले नाही.

लग्न माझ्या भाच्याचे. माझी बहीण गोदूताई आणि तिचे यजमान कमळाकरराव यांचा हा एकुलता एक मुलगा. मुलगी पेणची. सिंहस्थ तोंडावर आलेला, म्हणजे हा मुहूर्त चुकला की वर्षभर कुणाचे लग्न नाही. मुलीच्या वडिलांनी साखरपुड्यातच सांगून ठेवले होते, "वर्षभर थांबायला आमची ना नाही, पण अलिबागचे एक स्थळ अजून विचारते आहे." अलिबागच्या त्या स्थळाचा स्वतःचा नारळीचा बाग होता. भाच्याकडे फक्त मुलगी पसंत होती, आणि ती इतकी की बिचारा जेवताना पानातल्या मिठाशी बोलायचा. मुहूर्त गोरज. सूर्य मावळताना वऱ्हाड पेणच्या मांडवात हवे.

कमळाकरराव हे सावध गृहस्थ. वांगे घेतानासुद्धा ते आधी विकणाऱ्याकडे, मग त्याच्या शेजारणीकडे आणि मग वांग्याकडे पाहतात. त्यांनी मला बोलावले.

"भाऊराव, पेणच्या रस्त्याला दोन मोटार कंपन्या आहेत. कुठली भरवशाची, ते तुम्ही चौकशी करून सांगा. कंपनीला विचारू नका. गिऱ्हाइकांना विचारा."

"आणि पुढची जागा?" मी हळूच विचारले.

"चौकशी नीट झाली तर तुमचीच."

दोन कंपन्यांपैकी एक रोडपालीच्या बुधाजी पाटलाची. मिठागराच्या पैशातून त्याने ही मोटार उभी केली होती आणि तीवर 'कर्नाई मोटार सर्व्हिस' असे लिहिले होते. निदान तसे लिहिले असावे, कारण धुराखालून 'ई' तेवढी दिसे. दुसरी कंपनी गावातल्या जगनशेटची, 'निर्विघ्न मोटार सर्व्हिस'. हिची गुलाबी कागदावर छापलेली जाहिरात होती आणि तीत जाड ठशात होते : 'आजवर एकही तक्रार नाही.'

मी पहिल्यांदा ठमाबाईकडे गेलो. ही कोळीण आमच्याकडे वर्षानुवर्षे मासळी देते, आणि सुकट-बोंबलाची पाटी घेऊन बुधाजीच्या मोटारीने पेणच्या बाजाराला जाते. तिला विचारले, "काय गं, बुधाजीची मोटार कशी आहे?"

"मोटार?" ठमाबाईने सुरी खाली ठेवली. "अरं भाऊ, ती मोटार नाय, ती भट्टी हाय! बोंबील ओले घेऊन बसावं नि पेनला सुके विकावं. आन् खिंडीत चडली नाय का हा बुधाजी बोलतो, उतरा नि ढकला. मी तिकीट काढून ढकलते! माझ्या सासूनं पन माज्याकडनं असं काम नाय करून घेतलं." ती बराच वेळ बोलली. शेवटी पदराने तोंड पुसून म्हणाली, "पन तू कशाला इचारतंस?"

मी सांगितले. भाच्याचे लग्न, पेणला, अमक्या दिवशी, गोरज मुहूर्तावर.

"येते मी," ठमाबाई म्हणाली.

इथे माझी चूक झाली, आणि ती मला घरी गेल्यावर कळली. आमच्याकडची रीत अशी की घरच्या माणसाने आपल्या तोंडाने लग्नाचा दिवस आणि गाव सांगितले, की ती अक्षतच झाली. मग त्या माणसाला 'तसे नव्हे, मी सहज सांगितले' असे म्हणणे म्हणजे वाढलेले पान ओढून घेणे. आणि चौकशी करायची तर दिवस आणि गाव सांगितल्याशिवाय कशी करणार? मी गूळवाल्याला विचारले, तो येतो म्हणाला. चाके बांधणाऱ्या सुताराला विचारले, त्याने तक्रार सांगायच्या आधीच किती पाहुणे सोबत आणू ते विचारले. आमच्या शेजारचे विठूअण्णा, पेन्शनीत निघालेले मास्तर, त्यांना तर मी विचारलेही नव्हते. त्यांनी भिंतीपलीकडून ऐकले आणि टोपी धुवायला टाकली.

गोदूताई कपाळाला हात लावून बसली. "साखर परमिटवर, तांदूळ परमिटवर, आणि तू गावभर पाने वाढत सुटला आहेस! अरे, तू मोटारीची चौकशी करतो आहेस की माझ्या व्याह्यांना बुडवतो आहेस?"

"ताई, मी तक्रारी गोळा करतो आहे."

"एक तक्रार म्हणजे एक पान. दुसऱ्या कंपनीच्या तक्रारी तरी जरा कमी आण."

खरे सांगायचे तर दुसऱ्या कंपनीची मला एकही मिळाली नव्हती. जगनशेटच्या मोटारीने गेलेला आणि काही सांगू शकणारा माणूसच गावात सापडेना. मी मनातून थक्क झालो. एवढे समाधान मी देवळातही पाहिलेले नाही.

विठूअण्णांनी सल्ला दिला, "तोंडी पुराव्यावर विसंबू नकोस. मामलेदार कचेरीत दोन्ही कंपन्यांची तक्रारवही असते. ती पाहा. मी स्वतः तीत पुष्कळ लिहिले आहे."

कचेरीतल्या कारकुनाने मान वर केली नाही.

"तक्रारदार आहात?"

"नाही, चौकशी आहे."

"चौकशीची वही वेगळी. ती अजून आलेली नाही. तक्रारवही फक्त तक्रारदाराला दाखवता येते."

"मग मी तक्रार करतो."

"तिकीट? पेणच्या नाक्यावर भोक पाडलेले लागते. निम्म्या वाटेतली तक्रार आम्ही घेत नाही. माणूस पोचला नाही म्हणजे प्रवास झाला नाही, आणि प्रवासच झाला नाही तर तक्रार कसली?"

हे मला इतके न्यायाचे वाटले की मी मान डोलावून बाहेर आलो. ठमाबाईने पदराच्या गाठीतून बुधाजीच्या मोटारीचे एक भोकाचे तिकीट काढून दिले. ते घेऊन परत गेलो.

"हां. काय तक्रार?"

मी त्या मोटारीत जन्मात बसलो नव्हतो. जे तोंडाला आले ते सांगितले, "आसन टणक आहे."

"कुठले आसन?"

माझ्या मनात त्या दिवसांत एकच आसन होते. "ड्रायव्हरशेजारचे."

त्याने ते लिहून घेतले, माझी सही घेतली आणि वही माझ्यापुढे सरकवली. वाचकहो, मी पुष्कळ वह्या पाहिल्या आहेत, पण त्या वहीपुढे मी नकळत टोपी काढली. कर्नाई मोटार सर्व्हिसची पाने संपून पुरवणी पाने शिवलेली होती. विठूअण्णांचे वळणदार अक्षर मी लगेच ओळखले : 'आसनाचे भाडे दिले असता मजकडून कर्नाळ्याच्या खिंडीत मोटार ढकलून घेण्यात आली. उतारू कोण व बैल कोण याचा खुलासा व्हावा.' त्याखाली कुणीतरी लिहिले होते : 'धुराने काळवंडल्यामुळे पेण येथे खुद्द जावयाने ओळखले नाही व भिकारी समजून पुढचे घर पाहण्यास सांगितले.' आणखी एका बाईंची तक्रार होती की त्यांच्या कोंबडीने मोटारीत अंडे घातले आणि कंपनीने ते कंपनीचे म्हणून ठेवून घेतले. माणसाला एवढे दुःख होऊ शकते आणि ते इतक्या शुद्ध भाषेत मांडता येते, हे मला ठाऊक नव्हते.

मग निर्विघ्न मोटार सर्व्हिसचे पान उघडले. कोरे. नुसते कोरे नव्हे, त्यावर बोट उमटेल अशी भीती वाटावी इतके स्वच्छ.

कमळाकररावांना सांगितले तेव्हा त्यांचे डोळे पाणावले. "गंगाजळ हो, गंगाजळ! भाऊराव, ठरले. निर्विघ्न." त्यांनी त्याच दिवशी जगनशेटला विसार दिला. जगनशेटने दोन्ही हातांनी तो घेतला आणि म्हणाला, "आमच्याबद्दल कुणी बोलत नाही, साहेब. तीच आमची कमाई."

आता खरे म्हणजे सगळे इथे संपायला हवे होते. पण तीन-चार दिवसांनी आमच्या दारात एक बैलगाडी उभी राहिली. गाडीत मोटारीचे आसन होते, आणि आसनाशेजारी, त्यावर न बसता, अदबीने गाडीच्या कडेवर बसलेला स्वतः बुधाजी पाटील होता. सहा फुटांचा माणूस, सदऱ्याला सोन्याची बटणे. त्याने ते आसन दोन्ही हातांनी उचलून आणून आमच्या ओटीवर ठेवले.

"भाऊ कोन?"

मी पुढे झालो. दुसरे कुणी व्हायला तयार नव्हते.

"तुमी लिवलंत, शीट टनक हाय. कचेरीतनं मना कागद आला. आजपावेतो लोकांनी धुराचं लिवलं, ढकलायचं लिवलं. ते खरं हाय, मी नाय बोलत नाय. पन ही शीट मी घरच्या कारभारनीसाठी करून घेतली, सावरीचा कापूस भरून. हिला टनक कोन बोलला नव्हता." त्याने हाताने आसन झटकले. "बसा. कुठं टोचते ती जागा मना दाखवा."

तोवर आळी जमली होती. मी खरे बोललो असतो तर खोट्या तक्रारीचा गुन्हा, न बोललो तर आसन. मी आसनावर बसलो. काय सांगू! आपण बसलो आहोत की आपल्याला कुणी उचलून घेतले आहे ते कळेना. इतके मऊ काही आमच्या घरात कधी आलेले नाही, लग्नातल्या गाद्यांसकट.

"टोचतंय?" बुधाजीने विचारले.

"जरासे. डावीकडे," मी म्हणालो.

"बघू," म्हणत विठूअण्णा बसले आणि डोळे मिटून म्हणाले, "मला नाही टोचत." मग शेजारच्या काकू बसल्या. मग त्यांची सून. एकेक जण बसायचा, सुखाने उसासा टाकायचा आणि उठताना माझ्याकडे असे पाहायचा की जणू मी गाईला लाथाळ म्हटले होते. शेवटी माझी बायको वेणू बसली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "यांना आमच्या घरातलं काहीच कधी मऊ लागत नाही. वरणसुद्धा."

बुधाजी हात जोडून म्हणाला, "ऱ्हाऊ द्या इथंच. बसून बसून मऊ होईल तवा मना कळवा. माज्या गाडीत टनक शीट नको." आणि रिकामी बैलगाडी घेऊन तो निघून गेला. मी ओटीवर उभा होतो आणि माझ्या हयातीत प्रथमच आळीतले सगळे लोक आधी मला पाहत होते.

लग्नाचा दिवस उजाडला. जेवणे आटोपताच निर्विघ्न मोटार दारी आली. आली कसली, अवतरली! हिरवा रंग, त्यात तोंड दिसावे. पिंपाला झेंडूची माळ. आत काळा डाग नाही, पानाची पिंक नाही, कुणी कधी बसल्याची खूण नाही. कमळाकररावांनी मला ड्रायव्हरशेजारी बसवले, नवरदेव मुंडावळ्या सावरत मागे बसला आणि आम्ही निघालो. मी ज्यांना ज्यांना विचारले होते ते तक्रारदार मात्र या मोटारीत आले नाहीत. ठमाबाई म्हणाली, "आमी आमच्या गाडीनं येतो. या गाडीत कोनाला शिव्या घालू?"

पळस्पे फाट्यापर्यंत मी सुखात होतो. वारा लागत होता, लोक मला पाहत होते. फाट्यावर मोटारीने एक उसासा सोडला आणि ती थांबली. ड्रायव्हर शांतपणे खाली उतरला, टोपी काढून वडाच्या पारावर ठेवली आणि तिच्याशेजारी आडवा झाला.

"काय झाले?" कमळाकरराव धावले.

"काही नाही. इथवरच येते."

"आणि पुढे?"

"पुढे मी अजून गेलो नाही."

"अहो, मग इतके दिवस तुमचे उतारू काय करतात?"

"परगावचे असतात. चालत पुढे जातात, नाहीतर आपल्या गावी परत जातात." त्याने कूस बदलली. "चांगली माणसे असतात. कुणी तक्रार करत नाही."

मी त्या हिरव्या मोटारीकडे पाहिले आणि खरे सांगतो, माझ्या अंगावर काटा आला. पेणच्या नाक्याचे भोक असल्याशिवाय तक्रार नाही, आणि निर्विघ्नच्या एकाही तिकिटाला आजवर भोक पडलेले नव्हते! ते कोरे पान, ते गंगाजळ! एका मोडक्या मोटारीवर आणि एका सरकारी नियमावर जगनशेटने केवढी निष्कलंक कीर्ती उभी केली होती. मी इतकी वर्षे हिशेब लिहितो, पण शून्याचा असा उपयोग माझ्या डोक्यात कधी आला नव्हता.

कमळाकररावांना मात्र यातले काही सुचत नव्हते. उन्हे कलायला लागली होती. गोदूताई पारावर बसून देवाचे नाव आणि माझे नाव आळीपाळीने घेत होती. नवरदेव उभा होता, मुंडावळ्यांच्या आडून पेणच्या दिशेला पाहत. "मामा," तो एवढेच म्हणाला, "अलिबागवाले बोटीने येतात. बोटीला घाट नसतो."

तेवढ्यात पनवेलच्या बाजूने काळा ढग आला. ढगातून आधी खोकला ऐकू आला, मग ठमाबाईचा आवाज आणि मग 'ई' हे अक्षर दिसले. कर्नाई मोटार सर्व्हिस! आत माझे सगळे तक्रारदार दाटीवाटीने बसलेले. मोटार हाकायला स्वतः बुधाजी होता. त्याने हिरवी मोटार पाहिली, पारावरचा ड्रायव्हर पाहिला. "चडा," एवढेच म्हणाला.

वऱ्हाड तक्रारदारांच्या मांडीवर, टपावर, जिथे मिळेल तिथे चढले. मी मागच्या दाराशी लोंबकळत होतो, तर बुधाजी ओरडला, "भाऊ, तुमी कुठं? तुमची जागा राकून ठेवलीय!" आणि त्याने ड्रायव्हरशेजारी बोट दाखवले.

तिथे आसन नव्हते. आसन आमच्या ओटीवर होते. तिथे होती एक लोखंडी चौकट आणि तिच्या चार कोपऱ्यांत आसन पक्के करायचे, वर तोंड केलेले चार बोल्ट. काथ्या, कापड, लढाईत काही मिळत नव्हते, म्हणून दुसरे आसन झाले नव्हते. ठमाबाई इतके दिवस तिथे पाटी पालथी घालून बसत होती. आज तिने पाटी उचलून मागे घेतली.

"बस, बस," ती म्हणाली. "तुजीच मानाची जागा. डावीकडं जरा सांभाळ."

मी बसलो. वारा लागत होता. लोक मला पाहत होते. दोन्ही गोष्टींकडे लक्ष देण्याची माझी अवस्था नव्हती.

कर्नाळ्याच्या खिंडीत मोटार अडली. मी मनात म्हटले, संपले. पण बुधाजीने "उतरा" म्हणायच्या आधीच सगळे खाली होते. आणि मग मी जे पाहिले ते पुन्हा पाहायला मिळणार नाही. कुणी कुणाला काही सांगितले नाही. गूळवाला डाव्या चाकाशी गेला, सुतार उजव्या. ठमाबाईने पदर खोचून पिंपाच्या शेजारी खांदा लावला. ज्याची त्याची जागा वर्षानुवर्षांची ठरलेली होती. विठूअण्णा शाळेतल्यासारखा हात वर करून मधोमध उभे राहिले आणि त्यांनी वही पाठ म्हणायला सुरुवात केली.

"धूर?"

"काळा!" आणि मोटार एक हात वर.

"भाडं?"

"भारी!"

"बैल कोण?"

"आम्ही!"

"अंडं?"

"कंपनीनं खाल्लं!"

"आसन?"

"टणक!" हे सगळ्यांत मोठ्याने, माझ्याकडे पाहून, आणि मोटार खिंडीच्या माथ्यावर.

कमळाकरराव ढकलत होते, मी ढकलत होतो, गोदूताईसुद्धा शालू वर धरून ढकलत होती. नवरदेवाला तेवढे आत बसवले होते. डोंगरात तो आवाज घुमत होता. तेव्हा माझ्या ध्यानात आले की ही माणसे तक्रार करत नव्हती. ही माणसे पोचत होती.

पेणच्या मांडवात शिरलो तेव्हा सूर्य तांबडा झाला होता. मुलीचे वडील आरती घेऊन पुढे आले आणि थबकले. आमच्यापैकी एकाचेही तोंड ओळखू येत नव्हते. "नवरदेव कोणता?" त्यांनी विचारले. "गोरा असेल तो," विठूअण्णा म्हणाले. अंतरपाट धरला, मंगलाष्टके सुरू झाली, आणि काळ्याकुट्ट तोंडांच्या त्या गर्दीने टाकलेल्या पांढऱ्या अक्षता पाहून अलिबागच्या स्थळाचा मला किंचितही हेवा वाटला नाही.

जेवणे झाल्यावर कमळाकरराव बुधाजीपुढे पाकीट घेऊन उभे राहिले.

"ऱ्हाऊ द्या," बुधाजी म्हणाला. "ठमाबाई नि मंडळी आपलं तिकीट काढून आलीत. तुमी वाटंत भेटलेले पावने. मना एकच द्या. तुमाला तिकिटं मी देतो, सगळ्यांनी भोक पाडून घ्या नि कचेरीत जाऊन तक्रार लिवा. जो लिवतो तो पोचलेला असतो. जल्ली माजी वही जाड होऊ द्या."

तेव्हा कोणी काय भरले, त्याचा हा शेवटचा आढावा. विसार कमळाकररावांनी भरला, तो जगनशेटने ठेवून घेतला, आणि त्याचे पान अजून कोरे आहे. मी वाढवलेली पाने मुलीच्या वडिलांनी भरली, आणि ठमाबाईला वर लुगडे दिले. भाच्याला काहीच पडले नाही, बायको मात्र मिळाली. बुधाजीने एक आसन भरले, ते आमच्या ओटीवर आहे. त्यावर वेणू बसते, आणि मला बसू देत नाही, कारण मला ते टोचते.

माझ्या जमेच्या बाजूला सुरुवातीला दोनच रकमा होत्या, आणि दोन्ही पै न पै जमा झाल्या. ड्रायव्हरशेजारची जागा मिळाली, जातानाही आणि येतानाही. जरीकाठी उपरणेही मिळाले. येताना मी ते घडी करून खाली घेतले होते. त्याला आता चार भोके आहेत, आणि पाचवे ठमाबाईच्या उसन्या तिकिटाला होते. मी लिहिलेली ती एकमेव खोटी तक्रार होती. तिला खरी करायला पळस्पे ते पेण आणि पेण ते पनवेल जे भाडे पडले, ते सगळे मी बसून भरले.